लांब हातांची खुर्ची

एका ऐंशीच्या घरातल्या बाईंची खुर्ची मी उपदेश करून लाटली.

'लाटली' हा शब्द बायकोचा. मी बरेच दिवस 'घेतली' म्हणत होतो, आणि त्याही आधी थोडे दिवस 'वाचवली' म्हणत होतो. जुनं सागवान, त्यांच्या घराच्या भिंतीला ओल, वाळवी लागली असती तर, वगैरे. माणूस स्वतःलाही विमा विकू शकतो, हे मला तेव्हा कळलं. धंदाच तो माझा. मंठ्यात मी विम्याचा एजंट. सोमवार ते शनिवार लोकांना मरणाची भीती घालतो आणि रविवारी आमच्या मंडळीचा सेक्रेटरी म्हणून त्याच लोकांना सांगतो, भिऊ नका.

मंडळी म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेलं एक छोटं चर्च, दारात कडुनिंब, आणि वाटूरपासून इकडच्या खेड्यांतून जीपमध्ये कोंबून येणारी आमची घरं. 'बाई' म्हटलं की त्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच बाई यायच्या. जाफराबादकडच्या खेड्यांत त्यांची उभी नोकरी सरकारी नर्स म्हणून गेली. अर्ध्या तालुक्याच्या नाळा त्यांनी कापल्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर मंठ्यात बसस्टँडमागच्या बोळात दोन खोल्या घेतल्या आणि त्या रिकाम्या करायला लागल्या.

रिकाम्या म्हणजे खरंच रिकाम्या. बाईंचं एक स्वतःचं शास्त्र होतं. त्या म्हणायच्या, "लागतं ते ठेव. चिकटलं ते दे." एखादी वस्तू हरवली असं मनात आणायचं. नुसती अडचण वाटली तर ती लागणारी वस्तू. पोटात कळ आली तर हात चिकटला. मग ती वस्तू घरातून गेलीच पाहिजे.

एकदा मी म्हणालो, "बाई, मग चहाचं काय? चार वाजता चहा नाही मिळाला तर तुमच्या पोटात कळ येते."

"चहा पोटात जातो. हाताला कुठं चिकटतो?" बाई म्हणाल्या आणि दुसरा कप ओतला.

त्यांच्या घरी कशाला 'छान' म्हणायची सोय नव्हती. आमच्या चर्चचे पाद्री, म्हणजे पाळकसाहेब, नवीन आले तेव्हा त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. ते पहिल्या भेटीत भिंतीवरच्या घड्याळाला छान म्हणाले. घड्याळ खाली. बाई ते वर्तमानपत्रात गुंडाळू लागल्या तशी पाळकसाहेबांची गडबड उडाली आणि ते म्हणाले, "अहो राहू द्या बाई, हा डबाच किती सुरेख आहे, बघत होतो नुसता." डबाही त्यांच्या हातात आला. पाळकीणबाईंनी दुसऱ्या दिवशी दोन्ही परत पाठवलं, बाईंनी तिसऱ्या दिवशी पुन्हा पाठवलं. तेव्हापासून पाळकसाहेब नव्या माणसाला बजावायचे, बाईंकडे जरूर जा, पण जमिनीकडे बघून बोला.

घराला कुलूप नव्हतं. कुलूप होतं ते आत एका पत्र्याच्या पेटीला, आणि पेटी रिकामी. का, तर म्हणे चोर आला तर त्याला वाटावं, आलो ते फुकट नाही. एकदा खरंच चोर आला. पेटी उचलून घेऊन गेला. आम्ही धावत गेलो तर बाई दारात बसून हसत होत्या. "बिच्चारा! लांबवर नेऊन फोडली असंल रे त्यानं." मग जरा गंभीर झाल्या. "कुलूप मात्र चांगलं व्हतं. त्याला माझा हात चिकटला व्हता. बरं झालं, गेलं."

पण त्यांच्यापुढे गरिबीचे गोडवे गायची कोणाची टाप नव्हती. एकदा बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. चकचकीत बूट, अंगावर कोट, आणि विषय काय, तर दारिद्र्याचा आशीर्वाद. ते रंगात आले असताना बाई बायकांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. "साहेब, माफी असू द्या. मी बाळंतपणं केली हायत. ज्या घरात पोर गुंडाळायला फडकं नसतं, त्या घरात आशीर्वाद काय दिसला न्हाई मला. नसणं येगळं, सोडणं येगळं. ज्याच्यापाशी हाय त्याला सांगा." आणि खाली बसल्या. साहेबांनी प्रार्थना जल्दी उरकली.

धनवान देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंट सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, हा पाठ आला की बाईंचा चेहरा उतरायचा. त्यांना उंटाचं वाईट वाटायचं. "चूक धनवानाची आन् नेढ्यात घालून राह्यले उंटाला. त्यानं काय केल्तं? पाठीवरचा माल बी त्याचा न्हाई."

आता हंगामाच्या सणाचं सांगतो, कारण माझी फजिती तिथली. सोयाबीन घरात आलं, कापसाची पहिली वेचणी झाली, की एका रविवारी आमच्याकडे सगळे आपापल्या पिकातलं काहीतरी वेदीपुढे आणून ठेवतात. ज्वारी, भोपळे, मोसंबी, कोंबडी, अंडी. उपासना झाली की त्याचा तिथंच लिलाव. लिलावाला नफ्यातोट्याचं गणित नसतं. ज्यानं भोपळा घेतला तो उभा राहून 'परत प्रभूला' म्हणतो आणि भोपळा पुन्हा लिलावाला येतो. एक अंडं मी एकदा सात वेळा विकलं आहे. सातव्या वेळी ते माझ्याच हातात फुटलं. माइक माझ्याकडे असायचा. लोक म्हणायचे, सेक्रेटरी नसते तर सणाला मजा नाही. मला ते ऐकायला फार आवडायचं. माझा हात कशाला चिकटला होता ते बाईंनी विचारलं असतं, तर मी माइककडे बोट दाखवायला हवं होतं.

बाई शेती करत नव्हत्या. त्या घरातली चिकटलेली वस्तू आणायच्या. एका वर्षी रेडिओ, एका वर्षी सागवानी पलंग. बाईंची वस्तू चार वेळा फिरायची, आणि ज्याच्या नावावर ती थांबेल त्यानं ती गरजवंताच्या घरी पोचवायची, असा न लिहिलेला कायदा होता. रेडिओ वाटूरच्या एका आंधळ्या आजोबांकडे गेला. पलंग एका ऑपरेशन झालेल्या बाईकडे. स्वतःच्या घरी कोणी नेला नाही.

त्या वर्षी मी नवीन घर बांधलं होतं. खाली फरशी, वर पीओपीचं छत, हॉलमध्ये सोफा. आणि नेमका त्याच वर्षी जालन्यात एका सळईच्या कारखानदाराकडे पॉलिसीसाठी गेलो, तर त्याच्या दिवाणखान्यात एक खुर्ची. वेताची बैठक, मागे कललेली पाठ, आणि हात इतके लांब की त्यावर पाय पसरून झोपावं. तो म्हणाला, "अँटिक आहे. मिळत नाही आता." मी मनात म्हटलं, मिळते की. बाईंकडे आहे.

बाई ज्या मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकल्या तो बंद पडला, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जाताना दिलेली खुर्ची होती ती. बाई चाळीस वर्षं तिच्यात बसत होत्या.

सणाच्या आधी पंधरा दिवस मी दुपारी त्यांच्याकडे गेलो.

"सलाम, बाई. यंदा काय आणताय?"

"तेच बघून राह्यले. घरात काही राह्यलंच न्हाई रे. कुकर हाय, पण कुकरला कोणाचा हात चिकटतो? भाजतो."

मी जमिनीकडे बघितलं. मग छताकडे. मग पाळकसाहेबांसारखा आवाज काढला. "बाई, राग येणार नसेल तर एक बोलू?"

"बोल की."

"बसल्या बसल्या तुमचे हात कुठं असतात, कधी पाहिलंत?"

बाईंनी खाली पाहिलं. दोन्ही तळवे खुर्चीच्या दोन्ही हातांवर होते. तेवढीच जागा घासून घासून आरशासारखी झालेली.

इथं मी थांबायला हवं होतं. पण एजंटाला सही दिसू लागली की थांबता येत नाही. मी म्हणालो, "येशूकडे आलेल्या त्या श्रीमंत तरुणानंही सगळ्या आज्ञा पाळल्या होत्या, बाई. असलेलं देऊन टाकणं, एवढंच राहिलं होतं."

तव्यावरून उचलावेत तसे बाईंनी हात उचलले आणि मांडीवर ठेवले. मग म्हणाल्या, "ही लागती म्हून ठेवली, असं वाटत व्हतं मला. का चिकटली? आता मलाच समजंना झालं."

मी म्हणालो, "तुम्हीच बघा, बाई. मी कोण सांगणारा?"

"न्हाई, बरं झालं सांगितलंस लेकरा. आपला हात आपल्याला दिसत न्हाई."

आणि मला दुसरा चहा दिला. तो मी प्यायलो.

सणाच्या दिवशी हातगाड्यावरून खुर्ची आली. आमच्यात लिलावाआधी साक्ष देतात, म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगतात. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी म्हातारी, शिकवत फिरते, आन् माझ्याच हाताला डिंक लागला व्हता. आपल्या सेक्रेटरीनं डोळे उघडले माझे. प्रभू त्याचं भलं करो." सगळी मंडळी माझ्याकडे बघून 'आमेन' म्हणाली. मी माइकची वायर सरळ करत होतो. ती सरळच होती.

लिलाव करणाऱ्याला बोली लावता येत नाही, म्हणून मेव्हण्याला जालन्याहून बोलावून ठेवला होता. त्यानं बोली लावली. आणखी एक-दोन हात वर होत होते, तोवर मी 'एक-दोन-तीन' एका श्वासात म्हणून टाकलं. 'परत प्रभूला' म्हणू नकोस हे त्याला तीनदा बजावलं होतं. मेव्हण्यानं माझ्यासाठी घेतली हे कळल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, सेक्रेटरीनं कोणीतरी गरजवंत आधीच हेरून ठेवला आहे. ते खरंही होतं.

टेम्पोतून खुर्ची हॉलमध्ये उतरली. बायको म्हणाली, "कोणाकडं पोचवायची?"

"इथंच."

ती त्या खुर्चीत कधी बसली नाही. मी मात्र रविवारी मटण-भाकरी खाऊन, पाय त्या लांब हातांवर पसरून जी झोप काढायचो, तशी झोप सोफ्यावर कधी आली नव्हती.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी करंज्यांचा डबा घेऊन बाईंकडे गेलो. सकाळचे अकरा. बोळातच शेजारची कमलबाई भांडी घासत होती. भीमनगरातून कधीकाळी सून म्हणून आलेली, मजुरीला जाणारी, तोंडाची सडेतोड. तिनं ओठावर बोट ठेवलं.

"हळू जा. आत्ता कुठं डोळा लागला त्यांचा."

मी दारातून डोकावलो. बाई जमिनीवर, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपल्या होत्या. पाठीमागे सोयाबीनचं पोतं. पुढे घमेलं पालथं घालून त्यावर उशी, तिच्यावर दोन्ही हात. तोंड उघडं. प्रत्येक श्वासाला दार करकरावं तसा आवाज.

"अशा का झोपल्यात?" मी विचारलं.

"मंग कशा झोपतील? आडवं झालं की दम लागतो त्यांना. दोन साल झाले, डाक्टरनं सांगितलंय, आडवं पडायचं न्हाई. त्या खुर्चीतच झोपायच्या की! तुम्हाला म्हाईत न्हाई? सेक्रेटरी ना तुम्ही?" कमलबाईनं पातेलं आपटलं. "कोण्या भल्या माणसानं काही उपदेश केला म्हणे, दिली देऊन. हे पोतं मी आणून टाकलं."

"कोणी केला उपदेश?"

"नाव न्हाई घेतलं. म्हणल्या, माझे डोळे उघडले त्यानं. उघडले ते बराबर हाय. तवापासून मिटलेच न्हाईत."

मी करंज्यांचा डबा खिडकीत ठेवला आणि चोरासारखा निघालो. त्या पेटीवाल्या चोराला निदान वजन तरी उचलावं लागलं होतं.

संध्याकाळच्या आत खुर्ची टेम्पोत घालून परत आलो. बाई जाग्या होत्या. मी उंबऱ्यातच सगळं सांगितलं. कारखानदाराची खुर्ची, माझा हॉल, मेव्हणा, एका श्वासातलं एक-दोन-तीन. बाई ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा मी कितीतरी मेलेल्या-जन्मलेल्यांच्या घरी पाहिला होता, असा कधी पाहिला नव्हता. चूक जणू त्यांचीच झाली होती, तशा बघत होत्या.

"म्हंजे तुला पायजे व्हती," त्या म्हणाल्या.

"हो."

"मंग छान हाय म्हणायचं. घड्याळ दिलं न्हाई का पाळकसाहेबाला? तुला बी दिली असती. त्याच्यासाठी प्रभूचं बोलणं कशाला मधात घातलंस?"

मी एवढंच म्हणालो, "बाई, आता ठेवून घ्या. मला दम्याचं माहीत नव्हतं."

"दम्याचं सांगून दिली असती तर ते देणं झालं असतं का? गाऱ्हाणं झालं असतं. आन् ठेवून कशी घेऊ? मी तुला दिली न्हाई. मी प्रभूला दिली, तू त्याच्याकडून इकत घेतली. तुझा हात सुटला असंल तर सणाला आण."

"सणाला अजून दहा महिने आहेत, बाई!"

"मंग? मला कुठं जल्दी हाय?" असं म्हणताना त्यांना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

मी खुर्ची त्यांच्या दारात ठेवून पळालो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या ओट्यावर होती, हातगाडीवाल्याचं भाडं बाईंनीच दिलेलं. मग मी जालन्याहून मागे कलणारी गुबगुबीत खुर्ची आणून बाईंकडे पाठवली. आठ दिवसांत तिच्यात कमलबाईची गरोदर सून बसलेली दिसली. "छान हाय म्हणलं होय गं तू?" मी विचारलं, तर पोरगी लाजून म्हणाली, "नुसतं बघितलं व्हतं, दादा." मी डॉक्टर नेला, औषधं नेली. औषधं बाईंनी घेतली. ती लागणारी होती.

वर्षभर दर आठवड्याला जात होतो. सोयाबीनला भाव आला तेव्हा कमलबाईनं पोतं विकलं आणि त्या जागी तुरीचं आणून ठेवलं. उन्हाळ्यात तूर गेली, ज्वारी आली. बाई कशालाही टेकून तशाच बसलेल्या. मला चहा द्यायच्या, माझ्या पोरांची चौकशी करायच्या. खुर्चीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि आता खोटं कशाला सांगू? एवढं सगळं होऊनही रविवारी दुपारी मी त्याच खुर्चीत झोपत होतो. लाज वाटायची. पण झोपही लागायची. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मी कोणत्याही उपदेशात ऐकलेलं नाही.

सण आला. बायकोनं बायकांच्या सभेत सगळं सांगून टाकलं होतं, म्हणजे मंठ्यापासून वाटूरपर्यंत कोणाला माहीत नव्हतं असं नव्हतं. मी खुर्ची स्वतः डोक्यावर घेऊन चर्चमध्ये शिरलो आणि वेदीपुढे, भोपळ्यांच्या रांगेत ठेवली. बाई पहिल्या ओळीत सतरंजीवर बसल्या होत्या, भिंतीला टेकून. वर्षात निम्म्या झाल्या होत्या.

माइक हातात घेतला, पण तोंडातून विनोद फुटेना. भोपळे कसेबसे विकले. मागून कोणीतरी म्हणालं, "सेक्रेटरी, आज आवाज बसला काय?" आणि खसखस पिकली. शेवटी खुर्ची उरली.

"बोला," मी म्हणालो.

कोणी बोलेना. सगळी मंडळी ठरवून आल्यासारखी गप्प. मेव्हणा आलाच नव्हता. बाहेर जीपवाल्यानं हॉर्न वाजवला, तोही कोणीतरी गप्प केला.

"अकरा रुपये," बाई म्हणाल्या.

मी चारी बाजूंना पाहिलं. एकही हात वर नाही. मी म्हणालो, "एक." थांबलो. "दोन." पुन्हा थांबलो. मागच्या वर्षीची सगळी घाई त्या थांबण्यात भरून काढत होतो. "तीन."

बाईंनी रुमालाची गाठ सोडली, अकरा रुपये पाळकसाहेबांच्या हातात ठेवले. मग उभ्या राहिल्या. आणि चर्चमध्ये सगळ्यांच्या मनात एकच. आता 'परत प्रभूला' म्हणतात की काय? बाईंचा काय भरवसा! मी माइकवर बोट दाबून आयुष्यातली सगळ्यात छोटी आणि सगळ्यात खरी प्रार्थना केली.

बाई काही म्हणाल्या नाहीत. दोन पावलं पुढे आल्या, पदर सावरला आणि तिथंच, भोपळ्यांच्या शेजारी, हळूहळू खुर्चीत बसल्या. बसल्या त्या खाली खाली गेल्या. वेत मधोमध असा खोल झाला होता की बाईंचे गुडघे वर आले आणि पाय जमिनीवरून सुटले. त्यांनी दोन्ही तळवे हातांवर ठेवले, एकदा इकडे हलून पाहिलं, एकदा तिकडे. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"चाळीस साल मी बसले, वेत जरा बी हलला न्हाई," त्या म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. "उंट बसला व्हता काय रे हिच्यात?"